फार्मसिस्टची पण रेसिडेन्सी असते? (असते. आत्ताच सुटले त्यातून.)

द्राक्षबाग | ६ जुलै २०२५, रात्री ९:४०

३० जूनला माझी रेसिडेन्सी संपली आणि पहिले तीन दिवस मी नुसती झोपले. चौथ्या दिवशी नाशिकहून आत्याचा फोन, "संपलं का गं तुझं ते डॉक्टरांचं?" परत सगळं सांगितलं, की आत्या डॉक्टरांचं नाही, फार्मसिस्टचंच, तर म्हणाली "अगं पण गोळ्या मोजून द्यायला वर्षभर काय शिकवतात?" तिचा दोष नाही, मी नक्की कशाचे फॉर्म भरतेय हे माझ्या नवऱ्यालाही बरेच दिवस कळलं नव्हतं. इथे शोधलं तर एमडी-एमएसवर ढिगाने धागे आहेत, फार्मसीवर एकही नाही, म्हणून हा काढतेय. मी अमेरिकेत मिडवेस्टात आहे. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, विचारू नका.

तर प्रकार असा. अमेरिकेत डिग्री आणि लायसन्स झालं की तुम्ही फार्मसिस्ट, कायद्याने रेसिडेन्सी लागत नाही, दुकानात लगेच लागू शकता. पण मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डात, आयसीयूत राउंडला उभं राहायचं असेल तर बहुतेक ठिकाणी पीजीवाय-१ मागतात, म्हणजे हॉस्पिटलातच काम करत शिकायची एक वर्षाची रेसिडेन्सी. कॅन्सर, ट्रान्सप्लान्ट, क्रिटिकल केअर, इन्फेक्शन असलं काही खास करायचं तर त्यावर आणखी एक वर्ष, पीजीवाय-२. या प्रोग्रॅमना मान्यता देते एएसएचपी, हॉस्पिटल फार्मसिस्टांची संघटना. आणि हे काही परवा निघालेलं खूळ नाही, मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलात हार्वे व्हिटनी म्हणून होते त्यांनी १९२७ मधे हे सुरू केलं, तेव्हा इंटर्नशिप म्हणायचे. १९४२ ला एएसएचपी निघाली तेव्हा पहिले अध्यक्ष तेच.

वर्षभर दर महिना-दीड महिन्याला रोटेशन बदलतं. इंटर्नल मेडिसिन, आयसीयू, इन्फेक्शन, कॅन्सर, बाहेरची ओपीडी, शिवाय मॅनेजमेंटचा एक महिना. सकाळी सहाला येऊन आपल्या वाट्याचे पंधरा-वीस पेशंट बघायचे, काल रात्रीचे रिपोर्ट, किडनी, लिव्हर, कल्चर, कोणतं औषध का चालू आहे, कधी थांबायला हवं, आठला राउंड, दुपारी प्रिसेप्टरबरोबर, म्हणजे शिकवणाऱ्या सीनियर फार्मसिस्टबरोबर, एकेका पेशंटवर चर्चा. हे झालं रोजचं. वर एक वर्षभराचा रिसर्च प्रोजेक्ट जो एप्रिल-मे मधे कॉन्फरन्सला सादर करायचा, विद्यार्थ्यांना शिकवायचं, आणि दर तिसरा शनिवार-रविवार स्टाफिंग, म्हणजे बाकीच्या फार्मसिस्टांसारखं बसून डॉक्टरांच्या औषधांच्या ऑर्डरी तपासायच्या.

पण मला लिहायचंय ते वेगळंच आहे. तिसऱ्याच दिवशीची गोष्ट. रक्तात एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा जंतू, असलेला पेशंट, व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक चालू. पूर्वी पुढच्या डोसच्या आधीची रक्तातली एकच लेव्हल बघायचे, १५ ते २० आली की झालं, पण २०२० च्या गाइडलाइनपासून एयूसी, म्हणजे दिवसभरात रक्तात एकूण किती औषध राहिलं त्याचा आकडा, काढतात, ती ४०० ते ६०० मधे हवी. माझं उत्तर ७२० आलं. दोनदा तपासलं, बरोबर होतं. राउंडला मी सांगितलं, एयूसी जास्त आहे, आपण डोस कमी करू शकतो, किंवा दोन डोसमधलं अंतर वाढवू शकतो, किंवा एक डोस थांबवून परत लेव्हल घेऊ शकतो. प्रिसेप्टर शांतपणे म्हणाली, "हे तिन्ही मला माहितीये. तुला काय करायचंय?" चाकांच्या टेबलांवर लॅपटॉप घेऊन पाच माणसं माझ्याकडे बघतायत आणि मला शब्द फुटेना.

मला येत नव्हतं अशातला भाग नाही. पुण्यात सहा वर्षं फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) केलं, व्हायवाला एक्स्टर्नलसमोर काय करायचो आपण? जेवढं माहिती आहे तेवढं सगळं ओतायचं, एक मुद्दा सुटला तर मार्क गेला. इथे नेमकं उलटं, दहा गोष्टी डोक्यात ठेवून तोंडातून एकच काढायची, आकड्यासकट, आणि ती चुकली तर आपल्या नावावर. हे एक वाक्य बोलायला मला ऑक्टोबर उजाडला. माझ्या मते रेसिडेन्सी म्हणजे हेच, बाकी पुस्तकात आहे सगळं.

विचारा काय विचारायचं ते, जमेल तसं उत्तर देईन.

---

चहाटळ | ६ जुलै, रात्री १०:०५

पहिला! धागा मस्त. पण म्हणजे आता आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याला पण "डॉक्टरसाहेब" म्हणायचं का? तो तर क्रोसिन मागितली की आधी "सुट्टे आहेत का" विचारतो.

---

रिटेलवाला_एनजे | ६ जुलै, रात्री ११:१८

अभिनंदन, पण जरा दुसरी बाजू पण येऊ दे. मी २००१ चा बी.फार्म., न्यू जर्सीत चेन फार्मसीत अठरा वर्षं झाली, रेसिडेन्सी वगैरे काही न करता घर झालं, पोरं कॉलेजला गेली. रेसिडेंटला किती देतात ते पण सांगा की लोकांना. सरकारी आकड्याप्रमाणे २०२३ ला इथल्या फार्मसिस्टचा मध्यम पगार वर्षाला १,३६,०३० डॉलर होता, रेसिडेंटला त्याच्या निम्मा पण मिळत नाही, आणि लायसन्स तर तुमच्याकडे पण आहे आणि माझ्याकडे पण आहे. म्हणजे पूर्ण लायसन्सचा माणूस अर्ध्या पैशात आणि वर वीकेंडला स्टाफिंग. याला आमच्या गावाकडे वेठबिगारी म्हणतात.

---

द्राक्षबाग | ६ जुलै, रात्री ११:५०

@चहाटळ सुट्टे मी पण विचारायचे, इंटर्न असताना :)

@रिटेलवाला_एनजे दादा पगाराचं खोटं नाही, मला पन्नास हजारांच्या आतबाहेर मिळाले. आणि स्टाफिंगचंही बरोबर आहे, आमची ओरड तीच असायची. त्यात अजून भर घालते, पीजीवाय-१ चा खर्च हॉस्पिटलला मेडिकेअर या सरकारी विमा योजनेकडून बऱ्यापैकी परत मिळू शकतो, पीजीवाय-२ चा मिळत नाही, २००३ नंतर बंद झाला. तेव्हा धर्मादाय कोणी चालवत नाही.

पण स्टाफिंगला मी जे शिकले ते रोटेशनला नाही शिकले, हेही खरं. रविवारी दुपारी तीन वाजता शेजारी प्रिसेप्टर नसते, स्क्रीनवर चाळीस ऑर्डरी लाल झालेल्या असतात आणि फोनवर नर्स म्हणते "हे आत्ता हवंय". तासांना मर्यादा आहे, चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ८० च्या वर जाता येत नाही आणि सात दिवसांत एक दिवस सुट्टी. ८० पर्यंत मी क्वचित गेले, ६० रोजचेच.

---

डॉ_खडूस | ७ जुलै, सकाळी ७:३०

आठवड्याला ६० तास? आमच्याकडे जेआर-१ ला, म्हणजे डॉक्टरांच्या रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाला, ६० तास म्हणजे एक सोमवार ते बुधवार. असो.

मी ॲनेस्थेशिया, आयसीयू बघतो, महाराष्ट्रातल्याच एका मोठ्या शहरात. खरं सांगायचं तर क्लिनिकल फार्मसिस्ट हा प्रकार आमच्या हॉस्पिटलात आला तो एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेच्या, तयारीत आला, आणि पहिले सहा महिने ती मुलगी आली की आम्ही "आली इन्स्पेक्टर" म्हणायचो. फाइल चाळायची, टिकमार्क करायची, जायची. मग एकदा रात्री तिने फोन केला, सर, बेड चारला फेनिटॉइनची (फिट्सच्या औषधाची) लेव्हल कमी आलीय म्हणून डोस वाढवलाय, पण औषध रक्तात ज्याला चिकटतं ते अल्ब्युमिन १.८ च आहे, वाढवू नका, मोकळं औषध पुरेसं असणार. बरोबर होतं. मी ते एमडीला शिकलोय, पण पहाटे दोनला मला ते आठवलं नव्हतं. तेव्हापासून राउंडला तिची वाट बघतो. ती आता सोडून गेली, पगार ऐकलात तर हसाल.

मुद्दा काय, धागाकर्तीने लिहिलंय ते "तुला काय करायचंय" हे आमच्याकडे तिला कोणी विचारायचंच नाही. तिने फोन केला तो स्वतःच्या हिमतीवर.

---

तिखट_कोल्हापुरी | ७ जुलै, दुपारी १:१२

ताई मी फार्म.डी. सहाव्या वर्षाला आहे म्हणजे इंटर्नशिप चालू आहे आणि हा धागा वाचून रडायचीच बाकी राहिले. कागदावर आमचं पण भारी आहे, सहा महिने मेडिसिन आणि मग दोन-दोन महिने तीन वेगळे विभाग, पण वॉर्डात आम्ही काय करतो तर केसपेपर उतरवून घेतो, लॉगबुकला सही घेतो आणि एक वाजता मेसला. एका सरांनी विचारलं तू कोण, म्हटलं फार्म.डी. इंटर्न, तर म्हणाले "फार्मासिस्ट खाली आहेत, तळमजल्याला". २००८ ला कोर्स सुरू झाला भारतात, म्हणजे आता सतरा वर्षं, अजून लोकांना आम्ही एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, वाटतो. घरी तर बाबा रोज विचारतात दुकान कधी टाकायचं, गाळा बघून ठेवलाय त्यांनी रंकाळ्याच्या बाजूला.

मला विचारायचं होतं की तुम्ही इथून तिकडे नेमकं कसं गेलात? आणि बी.फार्म. वाल्या मैत्रिणीला पण जाता येईल का?

---

द्राक्षबाग | ७ जुलै, संध्याकाळी ६:२५

@तिखट_कोल्हापुरी अगं रडू नको. रस्ता सांगते पण आधीच सांगते की माझ्या रस्त्यात नशिबाचा भाग मोठा आहे.

परदेशी डिग्रीवाल्याला आधी एनएबीपीचं, म्हणजे इकडच्या फार्मसी बोर्डांच्या संघटनेचं, एफपीजीईसी सर्टिफिकेट लागतं. त्यासाठी कागदपत्रं तपासतात, मग एफपीजीईई ही फार्मसीची परीक्षा आणि इंग्रजीची टोफेल. २००३ च्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर पास झालेल्यांना किमान पाच वर्षांचा फार्मसीचा कोर्स लागतो, म्हणून चार वर्षांच्या बी.फार्म. वर तुझ्या मैत्रिणीला हा दरवाजा बंद आहे, वर एम.फार्म. केलं तरी ती वर्षं त्यात धरत नाहीत. रिटेलवाले दादा २००१ चे म्हणून बसले त्यात, दोन वर्षं उशिरा जन्मले असते तर गोष्ट वेगळी होती. तुझी सहा वर्षं आहेत, तू बसतेस.

एफपीजीईई अभ्यास केला की निघते. लोक अडकतात टोफेलच्या स्पीकिंगला. मी गेले तेव्हा वाचनाला २२, ऐकायला २१, लिहायला २४, आणि बोलायला २६! माझे दोनदा २४ आले. तिसऱ्यांदा मी भांड्याला बसल्यासारखी स्वयंपाकघरात ४५ सेकंदांचा टायमर लावून भिंतीशी बोलायची.

मग राज्याच्या बोर्डाकडे इंटर्न म्हणून नाव घालून तास भरायचे, आमच्याकडे १५००, ते मी एका चेन फार्मसीत ड्राइव्ह-थ्रूच्या, म्हणजे गाडीत बसूनच औषधं घ्यायच्या, खिडकीत उभं राहून भरले. मग नॅपलेक्स, लायसन्सची सहा तासांची परीक्षा, आणि राज्याच्या कायद्याची वेगळी. एवढं झाल्यावर फार्मसिस्ट.

आणि नशीब म्हणजे, माझा नवरा एच-१ वर, ग्रीन कार्डच्या रांगेत, म्हणून मला एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, कामाची परवानगी. हॉस्पिटलला माझ्यासाठी व्हिसाचं काही करावं लागलं नाही. बऱ्याच प्रोग्रॅमच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं, व्हिसा स्पॉन्सर करत नाही. हे वाचून मगच पैसे घालव.

---

सदाशिव_३० | ७ जुलै, संध्याकाळी ७:०२

"भांड्याला बसल्यासारखी" म्हणजे काय हे कोणी समजावेल का? भांडायला बसल्यासारखी असावं. बाकी लेख ठीक.

---

द्राक्षबाग | ७ जुलै, संध्याकाळी ७:१०

भांडायला. धन्यवाद. ऑर्डर तपासणारे सगळीकडे असतात हे बघून बरं वाटलं.

---

गणिती_मामा | ७ जुलै, रात्री ९:३३

माझा फार्मसीशी संबंध फक्त बीपीच्या गोळीपुरता. पण तिकडे रेसिडेन्सीच्या जागा वाटायला मॅच नावाचं जे काही असतं ते फार्मसिस्टांनाही डॉक्टरांसारखंच आहे का? कारण त्यातलं गणित सुंदर आहे. उमेदवार आपली पसंती क्रमाने लावतो, हॉस्पिटल आपली लावतं, आणि अल्गोरिदम अशा जोड्या लावतो की नंतर दोघांपैकी कोणालाही "आपण दोघं पळून जाऊ" असं वाटू नये. गेल आणि शेपली यांनी १९६२ ला मांडलं, पुढे शेपली आणि रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, गेल तोवर गेले होते. उमेदवाराने एकच लक्षात ठेवायचं, खरी पसंती लावायची, "ते मला घेतील का" याचा विचार करून खालीवर करायचं नाही, त्यात तोटा उमेदवाराचाच.

---

द्राक्षबाग | ७ जुलै, रात्री १०:४५

मामा तुम्ही हे मला दीड वर्षापूर्वी सांगितलं असतं तर माझ्या दहा रात्री वाचल्या असत्या! हो तेच. सगळे हेच सांगतात पण विश्वास बसत नाही, मी यादी लावली, बदलली, परत लावली.

क्रम असा असतो. डिसेंबरला एएसएचपीचं मोठं अधिवेशन, त्याला मिडइयर म्हणतात. मी २०२३ ला ॲनाहाइमला गेले. एका भल्या मोठ्या हॉलमधे शेकडो हॉस्पिटलांचे स्टॉल, काळे सूट घातलेली हजारो पोरं, प्रत्येक स्टॉलपुढे घोळका, पाच मिनिटं मिळाली तर मिळाली. पंढरीच्या वारीत घुसल्यासारखं वाटतं, फक्त कोणी माउली म्हणत नाही. मग जानेवारीच्या सुरवातीला अर्ज, एकाच पोर्टलवर, प्रत्येक ठिकाणासाठी वेगळं पत्र आणि तिघांची शिफारस. फेब्रुवारीत मुलाखती, बऱ्याच ठिकाणी अख्खा दिवस, त्यात एक प्रेझेंटेशन आणि एक केस. मार्चच्या सुरवातीला पसंतीक्रम आणि मधल्या आठवड्यात निकाल. तुम्ही आम्हाला कितव्या नंबरवर ठेवलंय हे हॉस्पिटल विचारू शकत नाही, आपणही नाही.

मी अकरा ठिकाणी अर्ज केले, मुलाखती तीन. परदेशी डिग्री बघून बाकीच्यांनी दार उघडलंच नाही असं मला वाटतं, पटवून देता येणार नाही. निकालाचा मेल आला तेव्हा मी ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीत होते, एक गृहस्थ इन्शुरन्सवरून ओरडत होते, आणि मी त्यांना हसून सॉरी म्हणत होते. मॅच झालं नाही तर एप्रिलला दुसरी फेरी असते, उरलेल्या जागांची. हल्ली इकडे फार्मसी कॉलेजांनाच मुलं कमी येतात, त्यामुळे पूर्वीइतकी मारामारी नाही म्हणतात.

---

थेम्सकाठी | ८ जुलै, पहाटे ३:१५

यूकेतून दोन ओळी, कारण सगळे अमेरिकेच्याच मागे. इथे भारतीय डिग्रीवर आधी परदेशी फार्मसिस्टांसाठीचा एक वर्षाचा ओस्पॅप कोर्स, मग ५२ आठवड्यांची फाउंडेशन ट्रेनिंग, पूर्वी प्री-रेज म्हणायचे, मग जीपीएचसीची, म्हणजे इथल्या फार्मसी नियामकाची, परीक्षा. म्हणजे अमेरिकेत जे ऐच्छिक ते इथे सगळ्यांनाच करावं लागतं, दुकानात जाणाऱ्यालाही. आणि २०२६ पासून नवीन नोंदणी होणाऱ्या प्रत्येक फार्मसिस्टला पहिल्या दिवसापासून प्रिस्क्रिप्शन लिहिता येणार. मी जुना आहे, मला त्यासाठी वेगळा कोर्स करावा लागला आणि पहिल्यांदा स्वतःची सही केली तेव्हा पेन दोन मिनिटं हवेत होतं. तपासणं सोपं असतं हो, लिहिणं वेगळं.

---

रिटेलवाला_एनजे | ८ जुलै, सकाळी ८:४०

२००१ चा टोमणा पोचला :) मान्य, माझं नशीब. पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. एएसएचपीने २००७ ला ठराव केला होता की २०२० पर्यंत पेशंटची थेट काळजी घेणाऱ्या प्रत्येक नवीन फार्मसिस्टला रेसिडेन्सी हवीच. २०२० आलं आणि गेलं, झालं का? नाही. कारण तेवढ्या जागाच नाहीत. मग जागा नाहीत त्या गोष्टीची अट घालायची आणि ज्यांना मिळाली नाही त्यांना आयुष्यभर खिडकीत उभं करायचं. माझ्या बरोबरची एक मुलगी, माझ्यापेक्षा दहापट हुशार, मॅच झाली नाही, आज फ्लूची इंजेक्शनं देतेय. आम्ही पण चुका पकडतो रोज, एकाच घरात दोन डॉक्टरांनी दिलेली दोन नावं आणि आत औषध एकच, हे आम्हीच बघतो. फक्त आमच्या नावापुढे रेसिडेन्सीचा शिक्का नाही.

---

द्राक्षबाग | ८ जुलै, संध्याकाळी ७:५५

दादा यावर माझ्याकडे वाद नाही. त्या खिडकीत पंधराशे तास मी पण उभी होते, आणि माणसं औषधं खरी कशी घेतात ते मला पहिल्यांदा तिथेच कळलं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम एकाच घोटात घेणाऱ्या आज्या हॉस्पिटलच्या चार्टमधे दिसत नाहीत. त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं हे चार्टला माहिती असतं, आजीला नसतं.

आता एक लिहायचं टाळत होते ते लिहितेच, कारण नुसतं छान छान वाचून पोरं येतील.

डिसेंबरची गोष्ट. ६८ वर्षांचे गृहस्थ, ७२ किलो, न्यूमोनिया, शुक्रवारी भरती, सेफेपिम हे अँटिबायोटिक दोन ग्रॅम दर आठ तासांनी. क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढतं ते) १.१ होतं, मी क्लिअरन्स, म्हणजे किडनी किती साफ करतेय तो आकडा, काढला, ६५ आला, डोस बरोबर. माझ्या कागदावर ६५ लिहून टिक केलं. सोमवारी राउंडला मी तोच कागद घेऊन उभी, डोस ठीक आहे म्हणाले. रविवारी त्यांचं क्रिएटिनिन २.६ झालं होतं. क्लिअरन्स २८. म्हणजे दिवसातून तीनदा जात होतं ते एकदाच जायला हवं होतं. सोमवारी संध्याकाळी त्यांची मुलगी म्हणाली बाबा मला ओळखत नाहीयेत, आणि हात झटके दिल्यासारखे उडत होते. न्यूरो आलं, ईईजी झाला. सेफेपिम साठलं की मेंदूवर हे करतं हे मी विद्यार्थ्यांना महिनाभर आधीच शिकवलं होतं, स्लाइड माझीच होती.

औषध बंद केलं, दुसरं सुरू केलं, तिसऱ्या दिवशी ते मुलीला नावाने हाक मारायला लागले. वाचले, घरी गेले. मी प्रिसेप्टरच्या खोलीत गेले तेव्हा वाटलं आता काढून टाकतील. ती ओरडली नाही. म्हणाली, "तुला आता काय करायचंय?" तेच वाक्य. मी म्हटलं इन्सिडेंट रिपोर्ट मीच भरते, आणि टीमला मीच सांगते. तर म्हणाली, भर. बास. त्या मुलीसमोर डॉक्टरांनी सांगितलं की डोस कमी करायला उशीर झाला, मी मागे उभी होते, माझं नाव कोणी घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं असं आज वाटतं.

तेव्हापासून माझ्या कागदावर कोणताही आकडा तारखेशिवाय नसतो.

---

डॉ_खडूस | ८ जुलै, रात्री ९:२०

हे लिहिलंस ते बरं केलंस. सोमवार सकाळ ही सगळ्यांचीच वैरीण असते. आणि त्या राउंडला डॉक्टर पण उभे होते, त्यांनीही तो २.६ बघितला नाही, हे विसरू नको.

---

लातूरची_आई | ९ जुलै, सकाळी ११:०५

नमस्कार, मी पहिल्यांदाच लिहितेय. मुलगी बारावी झाली, नीटला मार्क कमी आलेत, फार्म.डी. ला मिळेल असं दिसतंय, नावापुढे डॉक्टर पण लागतं असं एजंट म्हणाला आणि अमेरिकेत रेसिडेन्सी पण पक्की असं म्हणाला. फी बरीच आहे. घ्यावी का?

---

द्राक्षबाग | ९ जुलै, संध्याकाळी ६:४०

काकू, पक्की कोणाचीच नसते, एजंटला माझ्याकडून सांगा की माझी पण नव्हती. वर लिहिलंय तेवढं सगळं सात-आठ वर्षांनी यायचंय, तोवर नियम कुठे जातील कोणास ठाऊक. ॲडमिशनच्या आधी एवढंच करा, त्या कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल आहे का बघा, नसेल तर कोणत्या हॉस्पिटलशी करार आहे विचारा, आणि तिथे एखाद्या सकाळी दहाला जाऊन वॉर्डात फार्म.डी. ची मुलं दिसतात का ते बघा. पाचव्या वर्षाच्या एका मुलीला बाजूला घेऊन चहा पाजा, ती सगळं सांगेल. "नीटला कमी आले म्हणून" एवढंच कारण असेल तर नको. मुलीला विचारलंत का?

---

लातूरची_आई | ९ जुलै, रात्री ८:३०

ती म्हणते तिला केमिस्ट्री आवडते, माणसं नाही.

---

चहाटळ | ९ जुलै, रात्री ८:३४

काकू, पोरगी हुशार आहे. बी.एस्सी. ला टाका.

---

तिखट_कोल्हापुरी | १४ जुलै, दुपारी २:५०

ताई एक सांगायचं होतं. आज मेडिसिनला ७२ वर्षांच्या आजी होत्या, ४८ किलो, लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ७५० मिलिग्रॅम रोज चालू. मी क्लिअरन्स काढला, २४ आला. तीनदा काढला. मग आमच्या सरांच्या मागे मागे दोन बेड फिरले, तोंडच उघडेना, म्हटलं आता नाही तर कधीच नाही, आणि एका दमात बोलले, सर बेड नऊ, किडनी कमी आहे, लिव्होफ्लॉक्सासिन रोज नको, दिवसाआड द्या, ४८ तासांनी ७५०. "करता येईल" नाही म्हटलं, "द्या" म्हटलं. सर थांबले, माझ्याकडे बघितलं, "हं" म्हणाले आणि पुढच्या बेडला गेले. मला वाटलं संपलं. जेवून आले तर केसपेपरवर बदललेलं होतं!! मी फोटो काढणार होते पण पेशंटचा कागद म्हणून नाही काढला.

---

द्राक्षबाग | १४ जुलै, रात्री ९:१५

अगं!!! क्रिएटिनिन कधीचं धरलंस, भरतीचं का आजचं?

---

तिखट_कोल्हापुरी | १४ जुलै, रात्री ९:१७

आजचं. १.६, सकाळी सातचं. तारीख टाकलीय.